आयत्या बिळावरचे नागोबा

"अरे, ओपन सोर्स आहे ना? मग कसलं टेन्शन! हजारो लोकांनी बघितलेला कोड असतो तो." हे वाक्य आमच्या हापिसात आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा चार वर्षं इंजिनियरिंग करून आलेला असतो आणि त्याने आयुष्यात एकही लायब्ररी सोर्सपासून कंपाईल केलेली नसते. एक कमांड मारायची, पॅकेज उतरवायचं, चालू पडायचं. मला या जनतेला एवढंच विचारायचंय, की तो हजारोंनी बघितलेला कोड आणि तुमच्या मशीनवर उतरलेली बायनरी यांचं नातं कधी कोणी तपासलंय का राव?

हवेत गोळीबार नको म्हणून उदाहरण देतो. एक्सझेड नावाचं कॉम्प्रेशनचं प्रोजेक्ट आहे. त्यातली लिबएलझेडएमए ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपवर असते. मूळ मेंटेनर एकटा. हा आपला बिनपगारी छंद आहे असं त्याने २०२२ मध्येच सांगितलं होतं. (तोवर अब्जावधींच्या कंपन्या त्यावर फुकट जगतच होत्या, पण तो वेगळा राग आहे, पुन्हा कधीतरी.) मग 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी आलं, दोन वर्षं इमानेइतबारे पॅचेस पाठवले, विश्वास कमावला आणि रिलीज काढायचे अधिकार मिळवले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन्ही व्हर्जन्समध्ये बॅकडोअर होता.

आता गंमत बघा. लायब्ररीच्या सी कोडमध्ये तुम्हाला काहीच दिसलं नसतं. विष होतं टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या दोन कॉम्प्रेस्ड फायलींमध्ये. त्या गिटमध्ये सगळ्यांसमोर पडून होत्या, पण त्यांना जागं करणारा भाग 'बिल्ड-टू-होस्ट' नावाच्या एम४ फायलीत होता आणि ती बदललेली फाईल फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नाही! ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये अशा जास्तीच्या फायली नेहमीच असतात, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. म्हणजे हजारो डोळे एका ठिकाणी बघत होते आणि बायनरी दुसऱ्याच ठिकाणाहून बनत होती.

त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. ती स्क्रिप्ट आधी तपासायची, की हे ६४-बिट इंटेल-एएमडीवरचं लिनक्स आहे का आणि डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बनतंय का. नसेल तर गपगुमान बसायची. ज्याने आपल्या डेस्कटॉपवर तोच टारबॉल सोडवून साधं कॉन्फिगर-मेक केलं, त्याला स्वच्छ लायब्ररी मिळाली! मी याचा अर्थ असा लावतो, की डाव टाकणाऱ्याला कंपाईल करून खोलात बघणाऱ्यांची भीती होती. आयतं घेणाऱ्यांची अजिबात नव्हती.

पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने, २९ मार्च २०२४ ला. एसएसएच लॉगिनला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ लागत होते, म्हणून तो खोदत गेला. अर्धा सेकंद! आपण आठ सेकंद लागले तरी 'नेटवर्क स्लो असेल' म्हणून चहाला जातो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रत्येक लायब्ररी हाताने बांधायची का? डेडलाईन कोण सांभाळणार? नाही हो. पण जिच्यावर तुमचं प्रॉडक्ट उभं आहे, ती एक तरी? सुरुवात एक्सझेडपासूनच करा, लहान आहे. गिटवरून घ्या, ऑटोजेन चालवा (ऑटोपॉइंट नाही म्हणून बोंबलेल, ते टाका), कॉन्फिगरला प्रीफिक्स आपल्या होम फोल्डरमधला द्या, मेक, मेक चेक. सिस्टिमच्या कॉपीवर चुकूनही इन्स्टॉल करू नका. मग त्याच व्हर्जनचा टारबॉल उतरवून दोन्ही फोल्डर डिफ करा. नुसती कॉन्फिगर ही फाईलच हजारो ओळींची आहे आणि गिटमध्ये ती नाहीच. त्या जंगलात काय काय लपू शकतं ते मग कोणी समजावून सांगायला लागत नाही.

आणि गिटमधून घेतलं की गंगेत घोडं न्हालं, असंही नाही बरं का. फेब्रुवारी २०२४ च्याच एका कमिटमध्ये सीमेकच्या फायलीत लँडलॉक सँडबॉक्सची एक तपासणी होती: छोटा सी प्रोग्राम कंपाईल होतो का बघायचं, झाला तर सँडबॉक्स चालू. त्या प्रोग्रामात एक टिंब टाकलेलं होतं. फक्त एक टिंब. त्यामुळे तो कधीच कंपाईल व्हायचा नाही, सीमेक समजायचं की या मशीनवर सोय नाही आणि सँडबॉक्स बंद. एरर नाही, वॉर्निंग नाही. कळलं असतं ते फक्त तपासण्यांचं आउटपुट वाचणाऱ्याला आणि हे आपल्या मशीनवर का नसावं, असा प्रश्न पडणाऱ्याला.

हे परवा हापिसात सांगितलं, तर आमचे एक नागोबा म्हणाले, "टिंबच ना? लिंटर लाव की." ते टिंब सीमेकच्या एका स्ट्रिंगच्या आत होतं. असो.