हळदीचा डाग आणि माझं नाक

मंडळी, एकाच चेहऱ्यावर वाळवंट आणि तेलाची घाणी दोन्ही असणारे किती जण आहात? लाजू नका, पहिला हात माझा. गाल पापडासारखे, हसलं की ताणतात. आणि नाकावर, हनुवटीवर काळे ठिपके. क्रीम लावावं तर ठिपके वाढायची भीती, ठिपक्यांचा फेसवॉश वापरावा तर गाल सोलतात!

डिसेंबरात खामगावला भावाचं लग्न होतं. एकुलती एक करवली मी! महिनाभर आधी मोहीम सुरू केली. पुण्याच्या ऑफिसात दिवसभर एसी, त्यात दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धुणं, एक दिवसाआड स्क्रब, रविवारी बेसन-लिंबू. ठिपके म्हणजे मळ, घासला की निघणार, असं माझं साधंसोपं गणित. खामगावला उतरले तेव्हा मावशीनं दारातच हटकलं, "काहून वं, तोंड काहून असं सोललं तुयं?"

हळदीच्या दिवशी वहिन्यांनी माझ्याही गालांना हळद फासली आणि मी किंचाळले. अशी आग झाली की विचारू नका. फोटोत सगळे हसताहेत आणि मी ओल्या टॉवेलात तोंड खुपसून बसलेय. तो अल्बम अजून कुणाला दाखवलेला नाही.

त्याच संध्याकाळी ओढणीवरचा हळदीचा डाग साबणानं घासायला घेतला. डाग लालभडक! आई म्हणाली, होतं तसं, साबण लागला की हळद लाल होते. तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही.

लग्नानंतर पाहुण्यांना घेऊन मेहकरमार्गे लोणारला गेलो. आपल्या बुलढाण्याचं ते जगप्रसिद्ध विवर, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं. खाली तळ्याच्या काठावर गाइडनं पाण्यात चिमूटभर हळद टाकली आणि ती ओढणीवरच्या डागासारखी लाल झाली! पाणी क्षारयुक्त आहे, पीएच 10 च्या आसपास, त्यानं सांगितलं. पूर्वी इथल्या क्षारांचा साबण बनवायला उपयोग व्हायचा. 'आईन-ए-अकबरी'तसुद्धा या भागात साबण आणि काच बनवायचं साहित्य मिळतं अशी नोंद आहे.

म्हणजे महिनाभर मी दिवसातून पाच वेळा जवळजवळ लोणारच्या तळ्यात तोंड धूत होते की काय?

पुण्यात आल्यावर स्किनच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच 5 च्या आसपास. नेहमीचा साबण 9 ते 10. पीएचचा एकेक आकडा म्हणजे दहापट फरक, तेव्हा पाच आकडे म्हणजे एक लाख पट! साबणानं त्वचेतली स्निग्धता जाते, पाणी उडतं. आणि खरी गंमत पुढेच आहे. मेलेल्या पेशी सुट्या होऊन गळायलाही त्वचेत पाणी लागतं. ते नसलं की पेशी चिकटून राहतात, छिद्रात तेलाबरोबर त्यांचा बूच तयार होतो. बुचाचं तोंड उघडं असलं की वरचा भाग काळा दिसतो. तो मळ नसतोच, मग घासून निघणार कसा?

आता माझं रुटीन ऐका. चेहऱ्याला साबण बंद. फेस न करणारं सौम्य क्लेन्झर, तेही दोनदाच. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन-सेरामाइडवालं, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर. (आईचं खोबरेल केसांना, चेहऱ्याला नाही. आई अजून रुसलेली आहे.) सोललेली त्वचा भरून यायला तीन आठवडे गेले, त्यानंतरच डॉक्टरांनी आठवड्यातून दोन रात्री 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड सुरू केलं. ते तेलात विरघळतं, म्हणून बुचापर्यंत पोचतं. सकाळी सनस्क्रीन. स्क्रब शेजारणीला देणार होते, मग म्हटलं तिनं माझं काय वाईट केलंय!

आणि हो, एका मावसभावानं मेडिकलमधून 'चार दिवसांत गोरी' करणारी ट्यूब आणून दिली होती. डॉक्टरांनी वेष्टण वाचलं, आत स्टिरॉइड निघालं. अशी क्रीमं सल्ल्याशिवाय चोपडली तर त्वचा पातळ होते, पुरळ येतं, आणि सोडलं की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. नशीब, मी ती उघडलीच नव्हती.

दोन महिने झालेत. गाल ताणत नाहीत. नाकावरचे ठिपके निम्म्यावर आलेत, उरलेले जायला वेळ लागेल म्हणतात. ओढणीचा डाग मात्र दोन दिवस कडक उन्हात वाळत घातल्यावर उडाला. मेमध्ये चुलतबहिणीची हळद आहे, मलकापूरला. ओढणी तीच नेणार आहे.