पदक नाही, तर सिनेमाही नाही?

संपादक महोदय,

फिल्म सोसायटीने दाखवलेल्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज’वर टीका करणारं पत्र रविवारच्या अंकात वाचलं. युद्धपट म्हणायचा आणि त्यात एक लढाई नाही, तिघे सैनिक घरी येऊन नुसते कुढत बसतात, आपल्या जवानांना असली थेरं होत नाहीत, असं पत्रलेखकांचं म्हणणं. (मध्यंतरातच उठून गेले असावेत.)

सिनेमा १९४६ चा. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं. त्यात त्या तिघांतल्या होमरचं काम करणारा हॅरॉल्ड रसेल खराखुरा सैनिक, १९४४ मध्ये प्रशिक्षणातल्या स्फोटात दोन्ही हात गमावलेला. रात्री हाताचे लोखंडी आकडे काढून ठेवले की वाऱ्याने लागलेलं दारसुद्धा मला उघडता येत नाही, हे तो होणाऱ्या बायकोला दाखवतो. ही थेरं?

आता आपले आकडे. कारगिलमध्ये ५२७ हुतात्मे, १,३६३ जखमी. पहिला आकडा शाळकरी पोरही सांगेल. दुसरा किती जणांना ठाऊक आहे? २६ जुलैच्या तुमच्या विशेष पानावरही तो नव्हता. या १,३६३ जणांवर सिनेमा कुठे आहे? ‘चंदू चॅम्पियन’चं नाव कुणी घेईल. तो ज्यांच्यावर बेतला ते मुरलीकांत पेटकर १९६५ मध्ये गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकून आले. त्यांना सलामच. पण म्हणजे जखमी जवानाने पडद्यावर यायला आधी पदक आणायचं काय? ज्याने काहीच जिंकलं नाही, पेन्शन घेऊन गावी आला, त्याचं काय?

त्या १,३६३ मधले एक आमच्या घरात आहेत. मांडीतला स्प्लिंटर मोजला गेला, झोप कुणी मोजली नाही. दिवाळीत लवंगी माळ लागली की हे उठून धान्याच्या खोलीत जाऊन बसतात. फौजी असून फटाक्याला भितो, म्हणून भावकी हसते. मी सव्वीस वर्षं ते हसणं ऐकते आहे. पत्रलेखकांनी एकदा दिवाळीला यावं, फराळ देईन.

सिनेमात तिघांतला दुसरा, फ्रेड, झोपेत ओरडू लागला तेव्हा हे खुर्चीवरून उठून बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, चहा घ्यायला गेलो होतो. त्या हॉलवर चहा मिळतच नाही.

हॉलवरून आठवलं. तो पहिल्या मजल्यावर आहे. अठरा पायऱ्या, एका बाजूचा कठडा तुटलेला, लिफ्ट नाही. ह्यांना दोघांनी धरून वर न्यावं लागलं. खाली व्हीलचेअरवर आणखी एक माजी सैनिक होते, ते कार्यक्रमपत्रिका घेऊन परत गेले. सोसायटीने पुढचा खेळ तळमजल्यावर ठेवावा.

— एका माजी सैनिकाची पत्नी, कोरेगाव (जि. सातारा)