व्हीएसटी ३ खुलं झालं, पण तुमचा फ्री प्लगइन किती वर्षं टिकेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी ३ एमआयटी लायसन्सखाली खुलं केलं. घरी लॅपटॉपवर बीट बनवणाऱ्या बहुतेकांनी ही बातमी वाचून ‘बरं, मग मला काय?’ असंच म्हटलं असेल. प्लगइन तर आधीपासून फुकट मिळत होते. मग बदललं काय?

आधी व्हीएसटी म्हणजे काय ते बघू

एफएल स्टुडिओ, रीपर, क्यूबेस ही गाणं रेकॉर्ड करायची आणि जुळवायची सॉफ्टवेअर्स. त्यांच्या आत आपण वेगळे सिंथ, रिव्हर्ब, ईक्यू बसवतो, ते प्लगइन. दोघं वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले असतात, तरी एकमेकांशी जुळतात, कारण मधला फॉरमॅट एकच आहे. चार्जर आणि फोन वेगळ्या कंपन्यांचे असले तरी पिन एकच असली की काम होतं, तसंच हे. व्हीएसटी ही ती पिन. स्टाइनबर्गने ती १९९६ मध्ये क्यूबेससोबत आणली आणि मग बहुतेकांनी वापरली.

फोनवर मात्र गोष्ट वेगळी आहे. आयफोनवर अॅपलचा एयूव्ही३ हा फॉरमॅट गॅरेजबँडमध्ये चालतो. अँड्रॉइडवर असा सगळ्यांनी मानलेला फॉरमॅट नाही. त्यामुळे प्लगइनचं जग अजून मुख्यतः लॅपटॉपचंच आहे.

पिनचा मालक एकच असेल तर

स्टाइनबर्गने व्हीएसटी २ चं लायसन्स नव्या डेव्हलपर्सना देणं २०१८ मध्ये थांबवलं. व्हीएसटी ३ साठी दोन रस्ते होते: एक तर स्टाइनबर्गसोबत करारावर सही करा, नाही तर तुमचा सगळा कोड जीपीएल ३ खाली खुला करा. हौस म्हणून फ्री प्लगइन बनवणाऱ्यालाही यातून सुटका नव्हती.

जून २०२२ मध्ये बर्लिनच्या यू-ही आणि बिटविग या कंपन्यांनी क्लॅप नावाचा नवा फॉरमॅट आणला, तोही पहिल्या दिवसापासून एमआयटी लायसन्सखाली. सही नाही, करार नाही. स्टाइनबर्गच्या निर्णयामागे या स्पर्धेचा वाटा असणार, असा माझा अंदाज आहे.

आता व्हीएसटी ३ वापरायला करार लागत नाही. कोड घ्या, मूळ लायसन्सची नोट सोबत ठेवा, प्लगइन फुकट वाटा किंवा विका, तुमची मर्जी. कॉलेजमध्ये शिकणारी मुलगी उद्या ढोलकीच्या आवाजाचा प्लगइन बनवून वाटू शकते, आणि स्वतःचा कोड बंद ठेवायचा असला तरी त्यासाठी तिला कोणाची सही नको. फायदा आहे तो हा.

पण खुली झाली ती पिन, चार्जर नाही

फॉरमॅट खुला झाला म्हणून त्यात बनलेला प्लगइन खुला होत नाही. हे मला माझ्याच एका गाण्यामुळे कळलं.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी एक ट्रॅक बनवला होता. लीडचा आवाज एका फ्री सिंथमधून घेतला होता. गेल्या वर्षी तो प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर उघडला. ड्रम वाजले, बेस वाजला, लीडच्या जागी नुसती शांतता. प्लगइन ३२ बिटचा होता, बनवणाऱ्याने काम कधीच सोडलं होतं, वेबसाइटही बंद. मी रोज कोड लिहितो, पण इथे काहीच करू शकलो नाही. सोर्स कोड मिळाला असता तर निदान ६४ बिटचा बिल्ड करून पाहिला असता. तो सिंथ फुकट होता, पण त्याचा कोड बंद होता.

याउलट सर्ज बघा. हा सिंथ आधी विकत मिळायचा. क्लेस योहान्सन यांनी २०१८ मध्ये त्याचा कोड जीपीएल ३ खाली खुला केला. मग जगभरातल्या लोकांनी मिळून तो पुढे नेला आणि २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आला. आज तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, व्हीएसटी ३ मध्येही आणि क्लॅपमध्येही. उद्या आजचे डेव्हलपर थांबले तरी कोड राहील, दुसरं कोणी उचलेल. मॅट टायटेल यांच्या व्हायटल या सिंथची मूळ आवृत्ती फुकट आहे आणि त्याचा कोडही जीपीएल ३ खाली आहे.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या फ्री प्लगइनचा. अकाउंट उघडा, त्यांचं अॅप टाका, प्लगइन घ्या. यात काही वाईट नाही, अनेकांचे आवाज फार छान आहेत. पण धोरण बदलायचा हक्क कंपनीकडे असतो. केकवॉक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बँडलॅबने २०१८ मध्ये पूर्ण फुकट केलं, आणि २०२३ मध्ये पुढची आवृत्ती पैसे घेऊन देणार असं जाहीर केलं.

मग करायचं काय?

डाउनलोड करण्याआधी किंमत बघता, तसं लायसन्सही बघा. गाण्याचा मुख्य आवाज शक्यतो ओपन सोर्स प्लगइनमधून घ्या. इन्स्टॉलरची फाइल जपून ठेवा. आणि गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. दहा मिनिटांचं काम आहे. प्लगइन उद्या गेला तरी त्याने वाजवलेला आवाज तुमच्याकडे राहतो.

क्रॅक केलेल्या प्लगइनच्या नादी तर लागूच नका. अनोळखी इन्स्टॉलरला अॅडमिनची परवानगी देणं म्हणजे घराची किल्ली देणं, आणि इतके चांगले पर्याय फुकट असताना त्याची गरजही उरलेली नाही.

माझा तो ट्रॅक आता एका मित्राच्या पेनड्राइव्हवर एमपी३ म्हणून तेवढा उरलाय. ऐकता येतो, बदलता येत नाही.