डबा टीव्ही काढण्याआधी

जालन्याच्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीतल्या घरात समोरच्या खोलीतली शोकेस बहुधा 21 इंची टीव्हीच्या मापानंच सुताराकडून करून घेतलेली असते. मधला चौकोनी कप्पा टीव्हीचा, वर देवादिकांच्या तसबिरी, खाली सेट-टॉप बॉक्स आणि त्यातून निघालेल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी. दसरा-दिवाळी जवळ आली की या कप्प्याकडे घरातल्या सगळ्यांची नजर जाते. जुना द्या, नवा घ्या, बिनव्याजी हप्ते, अशा पाट्या दुकानांवर लागतात आणि चांगला चालणारा टीव्ही एकाएकी जुनाट दिसू लागतो. माझं म्हणणं असं की चालता डबा टीव्ही निव्वळ जुना झाला म्हणून काढू नये. घरात येणारं चित्रच बदललं असेल तर जरूर काढावा. आणि काढलाच, तर तो कुणाच्या हाती जातो हे ठरेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नये. यातला शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका त्याचाच विचार दुकानात कुणी करत नाही.

टीव्हीशी मराठवाड्याचं नातं फक्त बघणाऱ्याचं नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, रंगीत प्रक्षेपण 1982 च्या एशियाडच्या वर्षी आलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही तयार होऊ लागले. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर, तिथून पुढे चितेगाव. म्हणजे इथल्या कितीतरी घरांतला पहिला रंगीत टीव्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या हातून जुळून आलेला होता. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे डबे मात्र अजून घराघरांत आहेत, आणि कंपनीचं हे असं होणं टीव्ही काढायच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी चित्राचं बघू. नवा टीव्ही म्हणजे स्पष्ट चित्र, ही समजूत अर्धीच खरी आहे. पडदा तेवढंच दाखवतो जेवढं वायरीतून येतं. आपल्याकडची जुनी प्रक्षेपणपद्धत चित्राच्या 576 ओळींची. डीडी फ्री डिशच्या छत्रीवरून येणाऱ्या बहुतेक वाहिन्यांचं आणि केबलच्या स्वस्त पॅकेजचं चित्र आजही साधारण त्याच प्रतीचं असतं. डबा टीव्ही त्याच चित्रासाठी बनलेला, म्हणून त्यावर ते नीटस दिसतं. तेच चित्र 43 इंची पडद्यावर ताणलं की माणसांच्या चेहऱ्याच्या कडा विरघळतात आणि क्रिकेटचा चेंडू गवतात हरवतो. मग दुकानात पाहिलेलं चित्र घरी का दिसत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावणं जातं. दुकानात लावलेली असते खास उच्च प्रतीची फीत, घरी येते छत्री. आकाराचंही तसंच. जुन्या 21 इंची टीव्हीवरच्या चित्राची उंची सुमारे 30 सेंटीमीटर, नव्या 24 इंचीची तेवढीच. 24 इंची घेतला तर दोन्ही बाजूंची रुंदी वाढते, पण मालिकेतल्या सासूचा चेहरा होता तेवढाच राहतो. खरा मोठेपणा हवा तर 32 इंची लागतो, त्याची रुंदी 70 सेंटीमीटरच्या वर जाते आणि तो शोकेसच्या कप्प्यात मावत नाही. सुताराचा किंवा भिंत पोखरण्याचा खर्च जाहिरातीत लिहिलेला नसतो.

पण याच ठिकाणी डबा टीव्हीची खरी अडचणही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आता जवळपास सगळे कार्यक्रम रुंद पडद्यासाठी तयार होतात. चौकोनी पडद्यावर ते एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन बारीक दिसतात, नाहीतर कडेनं कापले जातात. बातम्यांच्या खालची धावती पट्टी, सामन्याचा धावफलक, बाजारभावाचे आकडे अर्धे बाहेर जातात. नजर कमी झालेल्या माणसाला ही गोष्ट रोज सोसावी लागते. ज्या घरात म्हातारी माणसं बातम्या वाचून घेतात, किंवा मोबाइलवरचं, इंटरनेटवरचं बघणं आता टीव्हीवर आणायचं आहे, त्या घरानं टीव्ही बदलावा, असं मी स्वच्छ सांगेन. लेकरांच्या अभ्यासासाठी स्मार्ट टीव्ही लागतोच, हे मात्र सरसकट खरं नाही. 2020 मध्ये पीएम ई-विद्या योजनेत पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक अशा 12 वाहिन्या सुरू झाल्या. त्या फ्री डिशवर फुकट दिसतात, आणि तीन वायरींच्या जुन्या टीव्हीवरही दिसतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा विजेचा. डबा वीज खातो, हे खरंच आहे. 21 इंची डबा 75 ते 100 वॅट घेतो, 32 इंची एलईडी 40 ते 60. फरक ढोबळ 50 वॅटचा धरू. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला साडेसात युनिट, वर्षाला 90 च्या आसपास. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाची बचत 720 रुपये होते. दहा हजारांचा टीव्ही त्या बचतीतून फिटायला चौदा वर्षं लागतील, आणि इतकी वर्षं नवा टीव्ही टिकेल याची हमी कोणताही दुकानदार देत नाही. त्यातही 43 इंची घेतला तर त्याचं वीज खाणं पुन्हा जुन्या डब्याच्या जवळ पोहोचतं आणि बचत संपते. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या पडद्याकडे ओढा वाढणार हे उघड आहे. घ्यायचा त्यानं घ्यावा, पण वीज वाचवायला घेतला असं स्वतःला सांगू नये.

टिकाऊपणाच्या बाबतीत मी जुन्याची बाजू घेतो, पण मर्यादेपर्यंतच. डब्याचा कपॅसिटर गेला, फ्लायबॅक गेला, सोल्डर सुटलं, तर जुना कारागीर सुटा भाग बदलून तो चालू करतो. सपाट टीव्हीचा पडदा फुटला किंवा पॅनल गेलं तर बहुतेक वेळा दुरुस्तीचा आकडा नव्या टीव्हीच्या किमतीला भिडतो. तरीही पिक्चर ट्यूब थकलेल्या डब्यावर खर्च करू नये. चालू केल्यावर चित्र उजळायला दोन-तीन मिनिटं लागतात, चेहरे पिवळट-हिरवट दिसतात, ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला तरी अंधार जात नाही, ही ट्यूब संपत आल्याची लक्षणं. घरगुती टीव्हीच्या नव्या ट्यूब आता बाजारात येत नाहीत. तिथे तो टीव्ही संपला.

आणि टीव्ही संपला की खरा प्रश्न सुरू होतो. डब्यातून किरणं निघतात म्हणून तो काढा, असं सांगणारे लोक आहेत. ट्यूबमध्ये हजारो व्होल्टच्या दाबानं इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळतात तेव्हा थोडे क्ष-किरण तयार होतात, हे खरं. ते बाहेर येऊ नयेत म्हणूनच रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं मिसळलेलं असतं, त्या काचेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. समोर बसणाऱ्याला या टीव्हीपासून धोका नव्हता. ट्यूब फुटली की मात्र तेच शिसं मोकळं होतं. भंगारवाला डबा घेतो तो मागच्या गुंडाळीतल्या तांब्यासाठी, ट्यूबभोवतीच्या लोखंडी पट्टीसाठी, स्पीकरच्या लोहचुंबकासाठी. ट्यूबची मान मोडून हवा आत घेतली जाते, तांबं ओढून काढलं जातं, वायरींचं प्लास्टिक जाळलं जातं आणि काच नाल्याच्या काठी टाकून दिली जाते. त्या काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत जस्ताची आणि इतर धातूंची संयुगं असतात, आणि ती उघड्या हातांनी झटकली जाते. शिशाचा सगळ्यात जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो, आणि अशा ठिकाणी मुलं असतातच.

जालन्याला भंगार नवं नाही. हे शहर लोखंडी भंगार वितळवून सळई करणारं, भंगाराची किंमत इथल्या माणसाला कळते. पण भट्टी लोखंड घेते, शिशाची काच घेत नाही. म्हणजे ज्या वस्तूला बाजारात मोल आहे ती पुढे जाते, आणि जिला मोल नाही ती इथेच राहते. एक्स्चेंजमध्ये जुन्या टीव्हीचे पाचशे-हजार वजा होतात तेव्हा आपल्याला वाटतं दुकानदारानं जबाबदारी घेतली. बहुतेकदा तो टीव्ही तिथून पुन्हा त्याच भंगाराच्या वाटेला लागतो. कायद्याची अशी अपेक्षा नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण व्हिडिओकॉनसारख्या दिवाळखोरीत गेलेल्या किंवा उत्पादन बंद केलेल्या कंपन्यांच्या आणि बिननावाच्या जुळवलेल्या मालाचं काय? असा बेवारस माल गोळा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचवण्याचं काम याच नियमांनी शहरी स्थानिक संस्थांना दिलं आहे. जालन्याची महानगरपालिका 2023 मध्ये झाली. घंटागाडी ओला-सुका कचरा नेते, जड ट्यूब नेण्यासाठी वेगळी सोय लागते.

कुणी म्हणेल, एका घरानं एक टीव्ही थांबवून काय होणार? होतं एवढंच की ती ट्यूब आणखी काही वर्षं अखंड राहते, आणि अखंड ट्यूबचा कुणालाच त्रास नसतो. तेवढ्या काळात संकलनाची सोय करता येते. म्हणून मी म्हणतो, टीव्ही चालू आहे तोवर चालू द्या. बंद पडला, किंवा घरच्या बघण्याला पुरेनासा झाला, तर घेताना बिलावर जुन्या टीव्हीचं काय होणार हे लिहून मागा. दुकानदार नोंदणीकृत संस्थेचं नाव सांगू शकत नसेल तर त्या पाचशे रुपयांचा मोह सोडा आणि ट्यूब न फोडता माळ्यावर ठेवा. आणि महानगरपालिकेनं दरवर्षी दिवाळीच्या आधीचा एक आठवडा प्रभागवार जुने टीव्ही उचलण्यासाठी ठेवावा. जुन्या टीव्हीमागे थोडी रक्कम नागरिकाला द्यावी, म्हणजे भंगारवाल्याच्या हातगाडीशी स्पर्धा करता येईल. पहिली गाडी मस्तगडात फिरवावी. जुन्या, दाटीच्या वस्तीत काच टाकायला मोकळी जागा नसते, तिथे ती थेट नालीत जाते.