अंदाज पोचतो कुणाला?



अ‍ॅना मणींनी रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करून प्रबंध लिहिला. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. मग लंडनला हवामानाची उपकरणं शिकून १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, ती उपकरणं देशातच बनवू लागल्या. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आज हवामानशास्त्र शिकलेल्या मुली अंदाज वर्तवतात, लोकांना समजावूनही सांगतात. आनंद आहेच. पण गटाच्या बैठकीत मी विचारलं, पावसाचा मेसेज कुणाला येतो? नवऱ्याला. सातबारा त्याचा, फोनही त्याचाच. पेरणी कधी, तो ठरवतो. चुकली तर दुबार पेरणीला वाकते ती. आणि अंदाज सांगणारी बाईसुद्धा म्हणते, ‘शेतकरी बंधूंनो’!