मोडलेल्या खेड्यास भीक नको, बियाणें द्या

शेतकरी व कारागीर बंधूंनो, लढाई राजे व मुत्सद्दी सुरू करितात; घर मात्र कुणब्याचें जळतें. तह झाला कीं शहरांत दिवे लागतात. पण ज्याचा बैल मेला, नांगर मोडला व ज्याच्या शेतांत न फुटलेले गोळे पडून राहिले, त्याची लढाई तेथून पुढें सुरू होते. अशा खेड्यास मदत कशी पोंचवावी?

याचा धडा फ्रान्स देशांत मिळतो. १९१६ सालीं व्हर्दन शहराभोंवतीं जी लढाई झाली, तींत नऊ खेडीं जमीनदोस्त झालीं. त्यांतील बहुतेक पुन्हां वसलींच नाहींत. त्या मुलुखांत लढाईचे गोळे अजून निघतात.

त्या मुलुखांत क्वेकर नांवाचा लहानसा पंथ मदतीस गेला. हा पंथ सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स यानें काढला. फॉक्स हा विणकराचा मुलगा व जोडे शिवण्याचें काम शिकलेला. देव व माणूस यांमध्यें भटाची दलाली नको, हें त्याचें म्हणणें. सत्यशोधकांस तें परकें वाटणार नाहीं. हे लोक हत्यार धरीत नाहींत. पण १९१४ पासून इंग्लंडचे व १९१७ पासून अमेरिकेचे क्वेकर फ्रान्सच्या खेड्यांत राबले. त्यांनीं लाकडी घरें उभारलीं, बियाणें व अवजारें दिलीं, मळणीचीं यंत्रें दुरुस्त केलीं, कोंबड्या व ससे वांटले. लढाई संपल्यावर अमेरिकन फौजेचा उरलेला माल विकत घेऊन तो त्यांनीं खेडुतांस अगदीं कमी किमतींत दिला, व आलेला पैसा पुन्हां मदतीकडेच लावला. जर्मन कैद्यांनीं तेथें काम केलें, त्यांची मजुरी क्वेकरांनीं त्यांच्या घरीं जर्मनींत पोंचती केली. शत्रूचाही घाम फुकट घेतला नाहीं!

कोणी म्हणेल, भुकेल्यास आधीं भाकर द्या. खरें आहे. १८७७ च्या दुष्काळांत जोतीरावांनीं व सत्यशोधक मंडळीनें धनकवडीस उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें, तें उगाच नव्हे. ज्याच्यापाशीं दमडी नाहीं त्यास फुकटच दिलें पाहिजे. पण भाकर एका सांजेची. बियाणें पुढल्या सालाचें. नुसत्या भाकरीवर ठेवलेला कुणबी उद्यां सावकाराच्या दारीं जाणार व जमीन लिहून देणार. मग शत्रूनें न घेतलेलें शेत सावकार घेईल.

मदत खेड्यांत आली तरी ती वाड्यांत अडकते, हें आपण दुष्काळांत पाहिलेलें आहे. म्हणून घेणाऱ्यांची यादी चावडीवर सर्वांसमक्ष वाचावी. यादींत विधवा, कूळ व मजूर यांचीं नांवें आधीं असावीं. सुतार, लोहार व कुंभार यांस त्यांचीं हत्यारें द्यावीं, कारण लोहाराचा भाता बंद असेल तर नांगर चालत नाहीं. आणि बियाणें पेरणीपूर्वीं पोंचावें. नंतर आलेलें म्हणजे वरातीमागून घोडें.

२०२२ पासून युक्रेन देशाच्या काळ्या, सुपीक शेतांत सुरुंग पुरले गेले आहेत. तेथें आधीं सुरुंग काढणारा माणूस धाडला पाहिजे, मग बियाणें. नाहीं तर पहिल्याच तासाला कुणब्याचा जीव जाईल.

बंधूंनो, लढाईंतील खेड्यांसाठीं वर्गणी मागणारा दारीं आला तर यथाशक्ति द्या. पण त्यास इतकें विचारा: हें कोणाच्या हातीं पडणार, आणि पेरणीपूर्वीं कीं नंतर?