बंधपत्राने वैद्य घडत नाही

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. परंतु तेथून जवळच असलेल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या दारातील दृश्य पालटलेले नाही. हाती तपासण्यांच्या कागदांची पिशवी, सोबत एखादा नातलग आणि रात्रीच्या निवाऱ्याची विवंचना. अशा बाहेरगावच्या रुग्णांसाठी नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परळमध्ये सेवारत आहे. मात्र यांतील कित्येकांना आपल्या तालुक्यातच उपचार का मिळू नयेत?

शासनाचे उत्तर ठरलेले आहे : बंधपत्र. एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी. आणि दहा लाख रुपये भरून सुटण्याची पळवाटही वर्षानुवर्षे खुली होती. दंडाच्या धाकाने गेलेला तरुण दिवस मोजतो. दोष केवळ त्याचा नव्हे. शेजारी क्ष-किरण, रक्तपेढी आणि डझनभर तज्ज्ञ असताना जो शिकला, त्याला एकाएकी आरोग्य केंद्रात एकट्याने अडलेले बाळंतपण पाहावे लागते.

मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे हे जाणून होते. क्ष-किरणाविना न्यूमोनिया कसा ओळखावा, सोनोग्राफीविना प्रसूती कशी करावी, हे ते आधी शिकले. तेथे काही काळ काम केल्यावर ज्ञान अपुरे वाटले तेव्हा एम.डी. करण्यासाठी परतले आणि पुन्हा बैरागडला गेले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्यक्ष तेथे मुक्काम करते. लातूरला डॉ. अशोकराव कुकडे व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभारले, तेही कोणाच्या बंधपत्रामुळे नव्हे. ते मंडळी गटाने गेले, हे महत्त्वाचे. एकटा माणूस थकतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची योजना अलीकडे आली आहे. पाऊल योग्य, पण तोकडे. खरी गरज आहे ती आंतरवासितेतच ग्रामीण केंद्रात अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली राहण्याची, आणि पुढे अडचण आली तर परळच्या प्राध्यापकाला हक्काने दूरध्वनी करता येण्याची.

आणि शासनाकडे बोट दाखविताना एक गोष्ट अवघड असली तरी बोलावीच लागेल. ग्रामसेवेच्या गौरवाला टाळ्या वाजविणारे आणि स्वतःच्या मुलीची गडचिरोलीतील नेमणूक रद्द व्हावी म्हणून मंत्रालयात ओळख शोधणारे, पुष्कळदा एकाच घरातले असतात.